इंजिन मोठे, ब्रेक जुने

गाडीचे इंजिन बदलणे हा गॅरेजचा विषय आहे, वार्षिकाच्या पानांचा नव्हे, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. परंतु माणसाच्या हातातली ताकद वाढते तेव्हा त्याच्यावर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न नीतिविचाराइतकाच जुना आहे. तो ग्रंथांत वाचताना बराच धूसर वाटतो. एखाद्या जुन्या पिकअप ट्रकचे बोनेट उघडले की तोच प्रश्न हाताला लागतो. म्हणून आम्ही हे उदाहरण घेत आहोत. उदाहरण अमेरिकेतले आहे, कारण ही हौस मुळात तिथली आहे. त्यातून निघणारा प्रश्न मात्र तेवढ्याच मुलखाचा नाही.

पिकअप म्हणजे पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. शेवरोले कंपनीने १९४७ साली पिकअपची एक नवी मालिका बाजारात आणली आणि ती १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालली. गोल खांद्यांचे मडगार्ड, पुढे आडव्या पट्ट्यांची जाळी आणि रुंद बोनेट असलेली ही गाडी तिकडच्या जुन्या चित्रपटांतून आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांत एका ओळीतल्या सहा सिलिंडरचे, साडेतीन लिटरचे इंजिन असे आणि त्याची ताकद सुमारे ९० अश्वशक्ती. धान्याची पोती, गवताच्या पेंढ्या, दुधाचे कॅन आणि एखादे वासरू बाजारापर्यंत न्यायचे, एवढेच तिचे काम. गिअरची रचना ओझे ओढण्यासाठी होती, पळण्यासाठी नव्हती. ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या आसपास गेले की इंजिनच सांगे, आता बस.

आज हीच गाडी हौशी लोक शोधून काढतात, तिचा गंज खरवडतात, रंग देतात आणि मग तिचे मूळ इंजिन उतरवून तिथे मोठे इंजिन बसवतात. पूर्वी यासाठी शेवरोलेचेच व्ही-८ इंजिन घेत. आठ सिलिंडरचे हे आटोपशीर इंजिन १९५५ साली ४.३ लिटरच्या आकारात आले आणि १९६७ पर्यंत ५.७ लिटरपर्यंत वाढले. आता जनरल मोटर्सच्या त्यानंतरच्या पिढीतले, १९९७ पासून येऊ लागलेले एलएस जातीचे इंजिन पसंत केले जाते. भंगारात निघालेल्या अलीकडच्या पिकअपमधून त्याचा ५.३ लिटरचा प्रकार सहज मिळतो आणि त्याची ताकद २७० अश्वशक्तीच्या पुढेच असते. म्हणजे तिप्पट. खरे तर तिपटीहून अधिकच. कारण १९७२ पूर्वी अमेरिकन कंपन्या इंजिन गाडीबाहेर ठेवून, पंखा आणि सायलेन्सरसारखी ओझी न लादता ताकद मोजत. जुना नव्वदाचा आकडा फुगवलेला आहे, नवा आकडा तसा नाही.

या हौसेविषयी पहिला वाद निघतो तो निष्ठेचा. काही संग्राहक म्हणतात, ज्या गाडीचे इंजिन बदलले ती गाडी उरलीच कुठे? तुम्ही एका जुन्या वस्तूचा मुखवटा नव्या यंत्राला चढवला. हा वाद ग्रीकांच्या काळापासून चालत आलेला आहे. थीसियसचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले, कुजलेली एकेक फळी बदलत गेले, आणि मग विचारवंत भांडू लागले की हे तेच जहाज की दुसरे. प्लुटार्कने ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. गंमत अशी की आमच्या या पिकअपच्या बाबतीत हा प्रश्न सरकारी कचेरीतही उभा राहिला. त्या काळी अमेरिकेतील अनेक राज्ये गाडीची नोंद इंजिनाच्या नंबरावर करत. म्हणजे सरकारच्या लेखी इंजिन हीच गाडी. इंजिन बदलले की कागदावरची गाडी एक आणि रस्त्यावरची दुसरी, अशी अवस्था होई. पुढे गाडीची ओळख चासीशी आणि सांगाड्याशी बांधली गेली आणि इंजिन हा बदलता येणारा भाग ठरला.

आम्हांला स्वतःला या वादात शुद्धतावाद्यांची बाजू फारशी पटत नाही. पिकअप ही देव्हाऱ्यात ठेवण्याची वस्तू कधीच नव्हती. ज्या शेतकऱ्याने ती विकत घेतली त्याने तिला वेल्डिंगचे जोड दिले, फळ्या बदलल्या, तुटलेल्या पाट्याच्या जागी दुसऱ्या गाडीचा पाटा बसवला. कामाची वस्तू कामासाठी बदलत जाते आणि त्या बदलातच तिचे आयुष्य असते. आपल्याकडच्या जीपांकडे पाहा. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेली कंपनी, भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर, १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने विलीज जीप या देशात रुजवली. त्या जीपांचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवण्याची रीत पुढे कितीतरी गॅरेजांतून चालत होती. तो बदल रुबाबासाठी नव्हता. पेट्रोल परवडत नव्हते आणि वडापच्या फेऱ्यांवर घर चालवायचे होते. त्या जीपवाल्याला निष्ठेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे?

अमेरिकन हौशी माणसालाही केवळ हौशी म्हणून निकालात काढता येत नाही. ज्या रस्त्यांसाठी ती गाडी बनली ते रस्ते राहिले नाहीत. १९५६ साली तिथे आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि देशभर रुंद, अखंड रस्ते पसरले. आज त्या रस्त्यांवर ताशी एकशे दहा-वीस किलोमीटरने वाहने धावत असताना ऐंशीने धापा टाकत चाललेली पिकअप स्वतःला आणि मागून येणाऱ्याला, दोघांनाही धोक्यात घालते. अशा वेळी मोठे इंजिन ही गरज आहे असे तो म्हणाला तर ते खोटे नाही. तेव्हा इंजिन बदलावे की नाही, हा आमच्या मते खरा प्रश्नच नव्हे. खरा प्रश्न पुढे आहे.

मोठे इंजिन बसवल्यावर बाकीच्या गाडीचे काय करायचे?

त्या पिकअपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेकचे तेल पुरवणारा मुख्य सिलिंडर एकच आणि त्याची वाटही एकच. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगळे ठेवणारी दुहेरी रचना अमेरिकन गाड्यांत सार्वत्रिक झाली ती १९६७ च्या सुमारास. स्टेअरिंगचा दांडा सरळ आणि ताठ, धडक बसली तर चालकाच्या छातीकडे येणारा. पुढचा अॅक्सल एकसंध लोखंडी. सीटबेल्ट नाही. आणि १९४९ नंतरच्या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनमध्येच, सीटच्या मागे. कंपनीने ही पद्धत १९७२ पर्यंत चालवली. म्हणजे माणूस ज्या पाठीला टेकून बसतो तिच्या पलीकडे पेट्रोल.

आता वेगाचे गणित पाहा. हे शाळेत शिकवले जाते आणि रस्त्यावर विसरले जाते. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातली गतीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी साठ किलोमीटरवर ब्रेक दाबल्यापासून गाडी जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर एकशेवीसला लागते. ब्रेकचे काम ही सगळी ऊर्जा उष्णतेत जिरवण्याचे. ड्रमच्या बंद डब्यात ती उष्णता कोंडते, ड्रम प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटते आणि पायाखाली पेडल असूनही गाडी थांबत नाही. खंडाळ्याचा किंवा आंब्याचा घाट उतरलेल्या कोणत्याही ट्रकचालकाला हे वेगळे सांगावे लागत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे शहाणपण तापलेल्या ब्रेकांनीच शिकवले आहे.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी की हा धोका वजनकाट्यावर दिसत नाही. जुने सहा सिलिंडरचे इंजिन ओतीव लोखंडाचे आणि चांगलेच जड होते. त्याच्या जागी येणारे व्ही-८ बहुधा त्याहून जड नसते. त्याचा अॅल्युमिनियमचा प्रकार घेतला तर हलकेच असते. त्यामुळे पाटे दबत नाहीत, गाडी पुढे झुकत नाही, उभी असताना काहीच वेगळे वाटत नाही. ती पहिल्यासारखीच दिसते आणि मालकाला वाटते, सगळे ठीक बसले. ताकद वाढल्याची खूण उभ्या गाडीवर उमटत नसते. ती उमटते पहिल्यांदा अचानक थांबावे लागते तेव्हा.

येथे आम्हांला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट म्हणतो. त्या जुन्या गाडीचा पहिला ब्रेक ड्रममध्ये नव्हताच. तो इंजिनात होता. इंजिन लहान होते म्हणून गाडी पळत नव्हती, आणि पळत नव्हती म्हणून एक नळीचे ब्रेक, ताठ दांडा आणि सीटमागची टाकी यांचे दोष बहुधा झाकून राहत होते. गाडीचा दुबळेपणा हाच तिच्या सुरक्षिततेचा एक भाग होता. ज्या दिवशी आपण तो दुबळेपणा काढून टाकतो त्या दिवशी नकळत एक ब्रेकही काढून टाकतो. त्याच्या जागी दुसरा ब्रेक बसवणे हे त्या क्षणापासून आपले कर्तव्य होते. इंजिन वाढवणे यात पाप नाही. फक्त इंजिनच वाढवणे यात आहे.

हे गाडीपुरते असते तर आम्ही लेखणी इथेच ठेवली असती. पण माणसाच्या सद्गुणांचा हिशेब मांडू लागलो तर तिथेही हाच घोटाळा सापडतो. आपण ज्याला आपला संयम म्हणतो तो कित्येकदा लहान इंजिनाचा संयम असतो. ज्याच्या टेबलावर कधी सहीची फाईल आलीच नाही त्याने लाच खाल्ली नाही, याला सचोटी म्हणावे का? ज्याचे ऐकणारे कोणी नव्हते त्याने कोणावर जुलूम केला नाही, याला दया म्हणावे का? म्हणूही शकतो, नाहीही. आपण सज्जन आहोत की नुसते अशक्त आहोत, हे ताकद हाती येईपर्यंत आपल्यालाही कळत नाही. जे काम इतके दिवस गरिबीने, लहान पदाने किंवा आडगावात राहण्याने केले, ते काम ताकद आल्यानंतर माणसाच्या स्वभावाला करावे लागते. स्वभाव तेवढा घडलेला नसेल तर ज्याला आपण चांगला माणूस म्हणत होतो तो बिघडला असे लोक म्हणतात. तो बिघडलेला नसतो. त्याचा जुना ब्रेक निघालेला असतो आणि नवा बसवायचा राहून गेलेला असतो.

कोकणातल्या आपल्या वस्त्यांनी हे जवळून पाहिले आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि रत्नागिरी-रायगडमधल्या कितीतरी मुस्लिम घरांतले तरुण आखाताच्या वाटेला लागले. त्या पैशाने गळकी छपरे गेली, बहिणींची लग्ने झाली, शाळा उभ्या राहिल्या, आजारी आईबापांना शहरातले डॉक्टर मिळाले. त्या पैशाला नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. ज्यांनी उपास काढले नाहीत त्यांनी भरल्या ताटाला नावे ठेवू नयेत. परंतु ज्या लग्नाचा खर्च पूर्वी गरिबीने आवरला होता तो आता समजुतीने आवरायचा होता. काही घरांनी तो आवरला. काही घरांत मांडव वाढत गेला आणि शेजारच्या न गेलेल्याला त्याच मापाचा मांडव कर्ज काढून घालावा लागला. तिकडून अब्बांनी पैसे पाठवले आणि इकडे सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात वेगवान मोटारसायकल आली. रस्ता तोच लाल मातीचा, वळणावळणाचा, आणि वळणाच्या पलीकडे मदरशातून सुटलेली मुले. अब्बांनी इंजिन पाठवले होते. थांबवणारे माणूस घरात नव्हते, ते तिकडे पैसे कमावत होते.

ज्ञानी लोकांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती, हे पाहून आम्हांला नवल वाटते. कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे; इंद्रिये हे घोडे, मन हा लगाम आणि बुद्धी हा सारथी. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात आत्म्याच्या रथाला दोन घोडे आहेत, एक गुणी आणि एक उधळणारा, आणि सारी मेहनत सारथ्याची आहे. इमाम गझाली, ज्यांचे निधन इ.स. ११११ मध्ये झाले, ‘इह्या उलूम अद्-दीन’मध्ये बुद्धीला शिकारीला निघालेल्या स्वाराची उपमा देतात, वासना हा त्याचा घोडा आणि क्रोध हा त्याचा कुत्रा. तीन देश, तीन भाषा, तीन वेगळ्या परंपरा. पण घोडा लहान आहे, तो मोठा कसा करावा, ही चिंता या तिन्ही उपमांत नाही. सगळी काळजी आहे ती आवरणाऱ्या हाताची. आपल्या काळात मात्र अश्वशक्ती मोजण्याचे शास्त्र पराकोटीला गेले आहे, आणि लगामाची ताकद मोजण्याचे एकक अजून कोणी काढलेले नाही.

यावर मालकाचे ठरलेले उत्तर असते: गाडी माझी, पैसा माझा, जीवही माझाच. यातले पहिले दोन दावे खरे आहेत. तिसरा अर्धाच खरा आहे, कारण रस्त्यावर फक्त त्याचा जीव नसतो. जी बाई हात धरून मुलाला रस्ता पार करवते तिने या इंजिनाला संमती दिलेली नाही. तिला ठाऊकही नाही की समोरून येणाऱ्या देखण्या जुन्या गाडीचे ब्रेक १९५० चे आहेत आणि वेग आजचा. वेगाचे सुख एकाच्या वाट्याला आणि थांबता न येण्याची किंमत दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार आहे. अशा व्यवहाराला मालकी हक्क हे उत्तर होऊ शकत नाही.

कायद्यांनी या प्रश्नाला आपापल्या परीने हात घातला आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये असे बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरले. अमेरिकेत याबाबत मोकळीक बरीच आहे. कॅलिफोर्निया राज्यात धुराच्या तपासणीचा एक नियम आहे: इंजिन बदला, पण बसवलेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे हवे आणि त्याची धूर रोखणारी सामग्री सोबत हवी. या नियमातले तत्त्व आम्हांला आवडते. तुझा फायदा वाढू दे, पण त्याने दुसऱ्याच्या अंगावरचे ओझे वाढता कामा नये, असे ते तत्त्व आहे. मात्र १९७५ आणि त्यापूर्वीच्या पेट्रोल गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. म्हणजे आपण जिच्याविषयी बोलतो आहोत ती पिकअप सुटते. शिवाय ब्रेक वगैरेंची ठरावीक मुदतीने तपासणी तिथल्या अनेक राज्यांत होतच नाही. जिथे कायद्याची नजर पोहोचत नाही तिथे माणसाचे इमान कसाला लागते. कायद्याने सोडले म्हणून सुटलो, असे समजणाऱ्याने निदान स्वतःला प्रामाणिक म्हणवू नये.

या कामात आणखी एक माणूस असतो, त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तो म्हणजे मिस्त्री. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी, नात्यात किंवा मोहल्ल्यात गाड्यांचे काम करणारा कोणीतरी असेलच. गिऱ्हाईक येते आणि म्हणते, इंजिन बसवा, ब्रेकचे पुढे बघू. मिस्त्रीला दिसत असते की हे ‘पुढे’ येणार नाही. पैसे इंजिनातच संपणार आहेत. त्याने काय करावे? नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजात जाते आणि काम तर होतेच, फक्त मजुरी दुसऱ्याच्या घरी जाते. हे संकट खरे आहे आणि आरामखुर्चीत बसून त्यावर निवाडा देणे सोपे आहे. तरीही आम्हांला वाटते की हुन्नर ही अमानत आहे. ज्याला जे कळते त्याची जबाबदारी न कळणाऱ्यापेक्षा मोठी असते. डॉक्टरला आपण हे लावतो, मग मिस्त्रीला का लावू नये? निदान एवढे तर त्याने करावे: ब्रेकच्या कामाशिवाय गाडीची चावी मालकाच्या हातात देणार नाही, असे काम घेण्यापूर्वीच सांगावे. काही गिऱ्हाइके जातील. जी राहतील ती त्याच्या शब्दाखातर राहतील.

तीच गोष्ट विक्रीची. अशी गाडी पुढे विकली जाते, आणि नव्या मालकाला चकाकणारा रंग दिसतो, ब्रेकची नळी दिसत नाही. पैगंबरांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, ही हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. मालाचा ऐब झाकू नये, हा त्याचा अर्थ. गाडीच्या बाबतीत ओले धान्य बोनेटखाली नसते. ते चाकांच्या मागे आणि सीटच्या पाठीमागे असते.

एक उदाहरण आमच्याच राज्यातले. ते गाडीचे नाही, पण दुखणे तेच आहे. पूर्वी गावात अफवा उठली तर ती माणसाच्या पावलांनी चाले. संध्याकाळपर्यंत कोणीतरी वडीलधारा भेटे आणि विचारी, तू स्वतः पाहिलेस का? अफवेचे इंजिन लहान होते आणि तोच तिचा ब्रेक होता. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि एका बोटाने शेकडो लोकांपर्यंत पोहोचण्याची ताकद आली. विचारण्याची सवय मात्र होती तेवढीच राहिली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी समजून, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ब्रेक बसला, पण माणसे गेल्यावर बसला. मोठे इंजिन आधी आणि ब्रेक नंतर, या क्रमाची किंमत कोण देतो ते यात दिसते. ज्यांनी तो संदेश लिहिला आणि पुढे पाठवला त्यांनी ती दिली नाही. भिक्षा मागायला आलेल्या माणसांनी दिली.

तेव्हा सारा प्रश्न क्रमाचा आहे. जुन्या पिकअपवर जे जाणकारीने काम करतात त्यांचा क्रम पाहण्यासारखा असतो. ते आधी चासीच्या भेगा तपासतात, जिथे जोर येणार तिथे आडवे आधार देतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवतात, ब्रेकच्या तेलाचे मार्ग दोन करतात. टाकी केबिनमधून काढून मागे हौद्याखाली नेतात. मागचा अॅक्सल आणि शाफ्ट नवी ताकद पेलतील असे बदलतात, स्टेअरिंग सुधारतात, सीटबेल्ट लावतात. इंजिन त्यानंतर. या कामात महिने जातात, पैसा जातो, आणि शेवटी गाडी अंगणात उभी राहिली की पाहुणे येऊन बोनेटच उघडायला लावतात. ब्रेक दाखवा असे कोणी म्हणत नाही. आवरण्याच्या ताकदीला टाळ्या नसतात, म्हणून ती विकत घेताना हात आखडतो. अमेरिकन हौशी माणसाचा आखडतो, आपलाही आखडतो. पोराला मोटारसायकल घेऊन देताना दुकानातला सर्वांत स्वस्त हेल्मेट मागणारा बाप कुठे पाहायला मिळत नाही?

वाढ मागू नये असे आम्ही म्हणत नाही. पगार वाढावा, पद मिळावे, मुलांच्या हाती मोठी विद्या यावी, चार लोकांत आपला शब्द चालावा, यासाठी धडपडणे हे माणसाचे कामच आहे आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लहान इंजिनावर चढ चढावा लागला त्यांचा तर हक्कही आहे. परंतु जे मागतो ते मिळालेच तर आपल्यातल्या कोणत्या गोष्टी अजून १९५० च्या आहेत, याची यादी मागतानाच हातात असावी. राग किती लवकर आवरतो, नकार ऐकून घेता येतो का, हाताखालचा माणूस तोंडावर खरे बोलू शकतो का, उधळण्याला पैसा असताना हात थांबतो का. या यादीतली कामे कंटाळवाणी आहेत आणि ती केल्याचे कोणाला दिसतही नाही.

आणि ज्याला खरोखरच जुनी पिकअप विकत घ्यायची असेल त्याला आमचे सांगणे एवढेच की बोनेट उघडून इंजिन पाहण्याची घाई करू नये. आधी गाडीखाली वाकावे, चाकांच्या आतल्या बाजूला हात घालावा, सीटची पाठ पुढे ओढून मागे काय आहे ते पाहावे. मालकाने पैसा कुठे घातला हे तिथे कळते. माणूस कसा आहे, हेही बहुधा तिथेच कळते.